कॅथरीन दे मेदिची खरंच तेवढी दुष्ट होती का?

दांडियाबाजारची:
नमस्कार मंडळी, वडोदऱ्याहून लिहितेय. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत बीएला आहे, हिस्टरी घेऊन, तिला फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धांवर प्रेझेंटेशन द्यायचंय आणि चार दिवस झाले जेवायला बसलं की आमच्याकडे हीच राणी, तेव्हाच्या फ्रेंच राजाची आई कॅथरीन. १५७२ च्या ऑगस्टात पॅरिसमध्ये ह्यूगनॉट म्हणजे प्रोटेस्टंट लोकांची कत्तल झाली ती हिनेच करवली असं जिथेतिथे लिहिलेलं दिसतं. सासरे म्हणाले, म्हणजे फ्रेंचांची आनंदीबाईच की! तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण आनंदीबाईला तरी आपण 'ध'चा 'मा' सोडून कुठे ओळखतो. कोणी नीट वाचलंय का?

रावपुरा७१:
ताई, मी तरी तिला सोडणार नाही. स्वतःच्या मुलीचं लग्न नवारच्या प्रोटेस्टंट राजा हेन्रीशी १८ ऑगस्टला लावलं, त्यासाठी ह्यूगनॉट सरदार पॅरिसात जमले, २२ ला त्यांचा पुढारी कोलिन्यी याच्यावर गोळी झाडली आणि २४ च्या पहाटे कत्तल. लग्नाला आलेली माणसं हो ती! आणि पुढाऱ्यांना मारायचं ज्या मसलतीत ठरलं तिथे ही होतीच.

कारेलीबागेतला_वाचक:
काका, मसलतीत होती हे मान्य, पण तेवढ्यावर थांबू नका. हिनेच १५६२ च्या जानेवारीत ह्यूगनॉटांना गावाबाहेर प्रार्थनेची परवानगी देणारा हुकूम काढवला आणि दोनच महिन्यांत कट्टर कॅथलिक गीझ घराण्याच्या ड्यूकच्या माणसांनी वासी गावात प्रार्थनेला जमलेले ह्यूगनॉट कापले, युद्ध पेटलं ते तिथून. नवरा १५५९ मध्ये भाल्यांच्या खेळात जखमी होऊन गेलेला, मुलगा चार्ल्स गादीवर आला तेव्हा दहा वर्षांचा, एकीकडे गीझ एकीकडे ह्यूगनॉट, आणि ही इटालियन, दरबारी मागून सावकाराची पोर म्हणायचे. त्या रात्री ठरलं होतं पुढाऱ्यांना मारायचं, पण पुढे शहरातला जमाव सुटला आणि एकट्या पॅरिसात दोन-तीन हजार माणसं गेली. २६ तारखेला खुद्द चार्ल्सने हे माझ्या हुकमाने झालं असं सांगितलं, बावीस वर्षांचा राजा होता तो, तरी नाव आईचंच! नवारच्या हेन्रीची आई जून १५७२ मध्ये आजारपणात वारली तर तेही हिने विषारी हातमोजे देऊन मारलं म्हणे. आनंदीबाईचंही असंच ना, कागद भक्कम नाही पण गोष्ट घरोघरी.

मांडवीकरीण:
मला हे वाचून राग येतो खरं सांगते. बाईवर अन्याय झाला असेल, पण सीन नदीत फेकलेल्या माणसांचं काय? ल्यों, रुआँ, ऑर्लेआँ, गावोगाव कत्तली पसरल्या. मसलतीत बसलेल्या माणसाला जमाव सुटेल हे कळत नाही? विषाची गोष्ट खोटी म्हणून ती रात्र पुसली जात नाही.

कारेलीबागेतला_वाचक:
नाही पुसली जात, ताई. ती जबाबदार आहेच, फक्त एकटी नाही, आणि त्या आधीची दहा-बारा वर्षंही तिचीच आहेत. साठीला टेकल्यावर १५७८-७९ मध्ये ती दक्षिणेत गावोगाव फिरली, ह्यूगनॉटांशी बोलणी करत, आणि नेराकचा तह केला. हे कोणी सांगत नाही म्हणून मी पोटतिडकीने लिहितो.

दांडियाबाजारची:
सगळ्यांचे आभार. मुलीने पहिली स्लाइड बदलली, कत्तलीच्या चित्राऐवजी आता १५६२ चा हुकूम आहे, आणि मांडवीकरीण ताईंचा प्रश्न तिने जसाच्या तसा शेवटी ठेवलाय. शनिवारी सेंट्रल लायब्ररीत जातोय, नेराकच्या तहावर काय वाचावं कोणी सांगाल?