मदत हवी आहे: पुढच्या थारसाठी थांबू, की आहे ती घेऊन टाकू?

लालमाती

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबड लागली तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे महिंद्राची २०१२ ची थार आहे, जुनी सीआरडीई. अडीच लिटर डिझेल, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, वर कापडी हुड, आणि मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून बसलेली पाहुणेमंडळी. ऑगस्ट २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं होतात, म्हणजे नोंदणी (आरसी) संपते. पावसात उजव्या गुडघ्यावर पाणी ठिबकतं ते वेगळंच. बायको म्हणते, आता पुरे.

राहायला कोल्हापूर, गाव राजापूर तालुक्यात. महिन्यातून दोनदा भुईबावडा घाट उतरून खाली जातो. गावी आई एकटी असते. डांबर संपलं की घरापर्यंत पाऊण किलोमीटर पाणंद आहे, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि शेवटी तीव्र उतार. जून ते ऑक्टोबर त्या उतारावर शेवाळ असतं. तिथे ब्रेकला पाय लावला की मागचं चाक आपल्याला ओलांडून पुढे जायला बघतं. त्यामुळे वरच थांबायचं, फोर लो टाकायचा (म्हणजे लो रेंज: ताकद चारही चाकांना आणि गिअर अगदी संथ), पहिला गिअर, आणि दोन्ही पाय पेडलवरून काढून गप्प बसायचं. गाडी म्हातारीसारखी एकेक पाऊल टाकत खळ्यात उतरते. गेली तेरा वर्षं हेच चाललंय.

आता अडचण. १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत महिंद्राने चार संकल्पना गाड्या दाखवल्या, त्यातली व्हिजन टी बघून सगळे म्हणायला लागले की हीच पुढची थार. त्या सगळ्या न्यू आयक्यू नावाच्या नव्या प्लॅटफॉर्मवर आहेत, त्यावरच्या गाड्या २०२७ पासून येणार असं कंपनीनेच सांगितलंय. पण हा प्लॅटफॉर्म मोनोकॉक आहे! म्हणजे खाली शिडीसारखी चासी नाही, बॉडी हीच चासी. ताकद पुढच्या चाकांना, किंवा ऑल व्हील ड्राइव्ह. फोर लोची दांडी राहणार की जाणार, यावर माझी झोप उडाली आहे.

शोरूममधला पोरगा म्हणतो, "सर, थांबू नका, ही शेवटची खरी थार." तो हे २०२० सालीही म्हणाला असता.

तर प्रश्न असे:

१. आत्ताची तीन दारी डिझेल फोर बाय फोर थार घेऊ, की २०२७ पर्यंत थांबू?

२. लो रेंज नसलेली ऑल व्हील ड्राइव्ह असल्या उतारावर कोणी खरोखर उतरवली आहे का? व्हिडिओ नकोत, स्वतःचा अनुभव हवा.

३. आईचं वय ७४, गुडघे दुखतात. सीआरडीईत पुढे बसताना ती खाली लाकडी पाट ठेवून चढते, तो पाट कायम गाडीतच असतो. तीन दारीत मागे जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. हे घरात कोणी करून पाहिलंय?

अर्धा_क्लच

आधी श्वास घ्या. व्हिजन टी म्हणजेच पुढची थार, हे कंपनीने कुठेही म्हटलेलं नाही. दिसायला भाऊबंद आहे इतकंच.

तारखा बघा. पहिली थार २०१० ची, दुसरी २ ऑक्टोबर २०२० ची. मधे दहा वर्षं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दारी रॉक्स आली, तीन दारी तशीच चालू राहिली. आणि आत्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन दारीला डागडुजी झाली: मोठा स्क्रीन, मागे एसीची जाळी, काचांची बटणं मधल्या कन्सोलवरून दारावर, आणि पेट्रोल टाकीचं झाकण आतून उघडण्याची सोय. पाच वर्षं लोक किल्ली घेऊन खाली उतरत होते! ज्या गाडीवर नुकताच एवढा खर्च केला ती दोन वर्षांत कोणी बंद करत नाही. माझा अंदाज: व्हिजन टी वेगळ्या नावाने, शहरी लोकांसाठी येईल, आणि खरी तिसरी पिढी २०३० च्या आसपास, रॉक्सची चासी आखडून. कारण ती चासी तयार आहे, तिचे पैसे वसूल व्हायचे आहेत. मागे पाच लिंकांचं सस्पेन्शनही फुकटात मिळतं.

गिअरची_दांडी

अर्धा_क्लच यांच्याशी अर्धाच सहमत. ही कंपनी दाखवलेलं आणते. २०२२ च्या १५ ऑगस्टला दाखवलेल्या इलेक्ट्रिक संकल्पनांपैकी दोन नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाल्या आणि त्या बऱ्याचशा तशाच दिसतात. तेव्हा २०२७ ला कोरडं समजू नका.

पण लालमाती, तुमची भीती चुकीच्या जागी आहे. मोनोकॉक म्हणजे मऊ गाडी, हे समीकरण लँड रोव्हरने मोडलं. जुनी डिफेंडर २०१६ ला बंद झाली, २०२० ला नवी आली ती पूर्ण मोनोकॉक. त्याच लोकांनी तेव्हा सुतक पाळलं. पण नव्या डिफेंडरला लो रेंज आहे, आणि ती जुनीपेक्षा जास्त ठिकाणी जाते. म्हणून विचारायचं ते चासीबद्दल नाही, ट्रान्स्फर केसबद्दल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या आणि लो रेंज देणाऱ्या पेटीबद्दल. पुढे आडवं बसवलेलं इंजिन असलं की लो रेंजची पेटी घुसवणं महाग पडतं, म्हणून तशा गाड्यांत ती सहसा नसतेच. खरी शंका तिथे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनुभवावरून देतो. माझ्या मेव्हण्याची ऑल व्हील ड्राइव्ह आहे, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आंबोलीकडे एका शेतघराच्या उतारावर जुलैत खाली सोडली. उताराची मदत करणारं बटण होतं, ते चाकांना ब्रेकच मारतं, एकेका चाकाला कर्रकर्र करत. कोरड्या मुरुमावर उत्तम. शेवाळावर चाक अडलं की ते घसरणारच, ब्रेक कॉम्प्युटरने मारला काय आणि तुम्ही मारला काय. गाडी तिरकी होऊन गडग्याला टेकली. दार आणि पायाखालचा पत्रा गेला. फोर लोमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधलेली असतात आणि इंजिन सगळ्यांना सारखं धरून ठेवतं. त्याला पर्याय नाही.

नाचणी_भाकर

सगळे यंत्रावर बोलतायत, मी आईवर बोलते. आमच्याकडे तीन दारी आहे. सासूबाईंना मागे बसवायचा प्रयत्न एकदाच झाला. आत गेल्या, पण बाहेर येताना पाय बेल्टमध्ये अडकला आणि नंतर त्या आठवडाभर माझ्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पुढे बसवलं तर ठीक, पाट मात्र लागतोच. मग मागे कोण बसणार? मी. ह्याचा विचार तुम्ही केलाय का, की बायकोला धाग्यात आणलंच नाही?

लालमाती

नाचणीताई, बायकोला धागा दाखवला. ती तुमच्या बाजूने आहे.

रॉक्स का नाही, असं दोघांनी खाजगी निरोप (व्यपनि) करून विचारलं. टेप घेऊन पाणंदीत गेलो होतो. सगळ्यात अरुंद जागी दोन गडग्यांमध्ये १९३ सेंटिमीटर आहेत. माझी सीआरडीई १७२.६ सेंमी, तीन दारी थार १८२, रॉक्स १८७. म्हणजे आरसे मिटले तरी रॉक्सला प्रत्येक बाजूला तीन सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं! गडगा चुलत्यांचा आहे, त्यामुळे तो हलवायचा विषय इथे कृपया नको.

शिवाय रॉक्सचा व्हीलबेस २,८५० मिमी, तीन दारीचा २,४५०. उतार जिथे सुरू होतो तिथे एक जांभ्याचा कुबड आहे, तिथे लांब गाडीचं पोट टेकणार. कागदावरही तसंच दिसतं, मधल्या पोटाचा कोन (जास्त असला की पोट टेकत नाही) रॉक्सचा २३.९ अंश, तीन दारीचा २६ च्या वर.

सड्यावरचा

१९३ सेंमी वाचून लॉग इन केलं. दादा, मारुतीची जिमनी बघा. पाच दारी जिमनीची रुंदी १६४.५ सेंमी आहे, तुमच्या सीआरडीईपेक्षा आठ सेंमी कमी. लो रेंज आहे, खरी दांडी आहे, शिडीची चासी आहे, पुढे-मागे दोन्हीकडे सलग धुरा आहे. आणि आईसाठी मागे दार आहे! माझी दोन वर्षं सड्यावर आणि खाली वाडीत चालते. पोटाचा कोन रॉक्सइतकाच, हे खरं, पण गाडी हलकी असल्याने टेकली तरी निघते. इथे लोकांनी शोरूममध्ये हिला लहान म्हणून नाकं मुरडली, आणि तीच भारतात बनलेली पाच दारी गाडी जपानला गेली तेव्हा तिथे २०२५ च्या सुरुवातीला काही दिवसांतच बुकिंग थांबवावं लागलं.

वाईट बाजूही सांगतो. १०५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीचं पेट्रोल इंजिन, चार माणसं घेऊन घाट चढताना दुसऱ्या गिअरात इंजिन रडतं. मागे सामानाला जागा म्हणजे दोन पिशव्या आणि एक शंका.

लालमाती

इथेच घोडं अडतं. मे महिन्यात हापूसच्या पेट्या कोल्हापूरला आणतो. सीआरडीईचे मागचे बाक उचलले की तीस पेट्या जातात. जिमनीत आई किंवा आंबे, दोन्ही नाही.

अर्धा_क्लच

एक मुद्दा राहिला, करांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला १८ टक्के जीएसटी, बाकी मोठ्यांना ४०. आजच्या थारमध्ये दीड लिटर डिझेल १८ टक्क्यांत बसतं, पण ते फक्त मागच्या चाकांना. फोर बाय फोर हवी तर २.२ लिटर, म्हणजे ४० टक्के. उद्या कंपनीने दीड लिटर डिझेलला लो रेंज जोडली तर लाख-दीड लाखांचा फरक सहज पडेल. न्यू आयक्यू चार मीटरच्या आतही बसतो, त्यामुळे तिथे ऑल व्हील ड्राइव्ह स्वस्त होऊ शकते. पण जुन्या चासीवर हा प्रयोग का करत नाहीत, हे मला कळत नाही. थांबण्यासारखं काही असेल तर ते हेच.

फोर्सवाला_मामा

फोर्सची गुरखा सुचवू का? पुढे-मागे दोन्ही डिफ लॉक (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारे), १४० पीएस डिझेल, ७०० मिमी पाण्यातून जाते.

गिअरची_दांडी

मामा, त्यांना १९३ सेंमीतून जायचंय, अरबी समुद्रातून नाही. गुरखा रॉक्सएवढीच रुंद आहे.

लालमाती (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर आणतोय, कारण ज्यांनी वेळ दिला त्यांना निकाल सांगायला हवा.

आईला दिवाळीनंतर कोल्हापूरला आणली होती. पाट घेऊन तिघं शोरूममध्ये गेलो. सेल्सवाल्या पोराने चकचकीत फरशीवर पाट ठेवलेला बघून आधी मॅनेजरकडे पाहिलं. तीन दारीत आई पुढे नीट बसली, मागे जायला तिने हात जोडले. रॉक्समध्ये मागे बसली आणि म्हणाली, "ही चांगली आहे, पण घरी येणार कशी?" पाणंद तिच्या डोक्यात माझ्या टेपपेक्षा अचूक आहे. जिमनीत मागचं दार उघडून पाटाशिवाय बसली. मग वळून विचारलं, "पेट्या कुठे ठेवायच्या?"

तर ठरलं ते असं. सीआरडीई विकत नाही. ऑगस्ट २०२७ ला आरटीओत तपासणी करून पाच वर्षं वाढवून घेणार. केंद्राची फी पाच हजार, वर पर्यावरण कर. नव्या गाडीच्या एका हप्त्याच्या आसपास. तोवर नव्या प्लॅटफॉर्मची गाडी रस्त्यावर येईल. लो रेंज असेल आणि रुंदी १८२ च्या आत असेल तर बघू. नाहीतर जिमनी घेऊ आणि पेट्या टेम्पोने येतील. सड्यावरचे, पुढच्या मेमध्ये तुमच्या गाडीत एकदा बसायला येतो.

बायकोची एकच अट आहे, गुडघ्यावरचं पाणी थांबलं पाहिजे. म्हणून शेवटचा प्रश्न, धाग्याचा विषय बदलतोय याची क्षमा: कोल्हापूर, कणकवली किंवा रत्नागिरीत सीआरडीईचा हुड मापाने शिवून देणारा, शिवणीला आतून पट्टी मारणारा कोणी कारागीर माहीत आहे का? ऑनलाइन मागवलेला तयार हुड मागच्या कोपऱ्यात दोन इंच आखूड पडला आणि परत घेतला नाही. मृगाच्या आत काम व्हायला हवं.