बाथरूम नव्याने करताना टब नकोच!

नेरूळकर
परवा घोडबंदर रोडच्या एका सभासदांनी लिहिलं की बाथरूम फोडतोच आहोत तर टब बसवा, शॉवर काय लॉजमध्येही असतो, टबने थकवा जातो आणि फ्लॅट विकताना भावही चांगला येतो. खाली सगळ्यांनी मान डोलावली. मला राहवलं नाही.

आमचं घर सिडकोचं, रीसेलचं. आधीच्या मालकाने टब बसवलेला. बाथरूम सात बाय चार, टब पाच फुटी. उरलेल्या दोन फुटांत बादली ठेवायची की माणसाने उभं राहायचं? अकरा वर्षांत आम्ही त्यात बसून आंघोळ केली ती तीनदा. बाकी वेळ त्यात भिजवलेल्या चादरी, नाहीतर नळ बंद असायच्या दिवसासाठी साठवलेलं पाणी. टबची कड दीड फुटाच्या वर. आईचं वय ७२, गुडघे गेलेले. एक दिवस कड ओलांडताना पाय सरकला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. ते निघालं त्याच आठवड्यात मी टब फोडून घेतला.

आता पाण्याचं बघा. टब भरायला दीडशे ते दोनशे लिटर लागतं. घरात गिझर १५ लिटरचा. त्यातलं ६५ अंशांचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं केलं तर ४५ लिटरच्या आसपास होतं. म्हणजे गिझर चार वेळा तापवायचा, तोवर पहिलं पाणी गार. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यात स्वयंपाक, कपडे, संडास सगळं आलं. तुमची एक आंघोळ त्याच्या पुढे जाते.

घोडबंदरकर
ते लिहिणारा मीच. आईंना लागलं ते वाचून वाईट वाटलं, पण एका पडण्यावरून सगळ्यांना टब नको म्हणू नका. माझ्या बायकोची पाठ चार वर्षं धरलेली आहे. कोमट पाण्यात वीस मिनिटं पडून राहिली की तिला रात्री झोप लागते. हे आम्ही तिच्या बहिणीकडे पुण्याला अनुभवलं, मनाने रचून सांगत नाही.

आणि पाण्याचा हिशोब शॉवरलाही लावा की. जुन्या शॉवरमधून मिनिटाला दहा-बारा लिटर सहज जातं. माझा कॉलेजातला मुलगा पंधरा मिनिटं आत असतो. झालं की दीडशेच्या वर! तो रोज, आम्ही टब भरणार आठवड्यातून एकदा.

कळव्यात_शहापूरचा
तुम्ही दोघे पाण्यावरून भांडताय, पण मुंबई-ठाण्याचं बरंचसं पाणी कुठून येतं? भातसा धरण आमच्या शहापूर तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि आमच्या पाड्यावर एप्रिल उजाडला की टँकर. माझी आई अजून हंडा घेऊन विहिरीच्या तळाला उतरते. मी कळव्यात नोकरीला आलो तेव्हा पहिल्यांदा शॉवरखाली उभा राहिलो आणि दोन मिनिटांत बंद केला, उभंच राहवेना. एक बादली म्हणजे १५-२० लिटर. माणूस स्वच्छ होतो तेवढ्यात. एक बादली, एक मग, तिसरं काही लावू नका.

घोडबंदरकर
दादा, तुमच्या गावाचं दुःख खरं आहे. पण आमच्याकडेही सोसायटी उन्हाळाभर टँकर मागवते आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये मीच भरतो. फुकट कोणाचं ओरबाडत नाही.

कळव्यात_शहापूरचा
पैसे भरले म्हणून पाणी वाढत नाही. एवढंच म्हणणं आहे.

खारघरवाली
नेरूळकर दादा, टब नको हे शंभर टक्के मान्य, पण काचेचं पार्टिशन करून नुसता शॉवर ठेवला तर तेही चुकेल. माझ्या बहिणीने केलं. मग मुलगी झाली. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी पाटावर पाय लांब करून बसणार कुठे? तीन महिने स्वयंपाकघराच्या मोरीत बाळाची आंघोळ झाली. दिवाळीत उटणं लावायलाही पाट मांडावा लागतो. नळ खाली हवाच, बादली भरेल इतक्या उंचीवर.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग पडतात आणि शॉवरची भोकं बुजतात. आम्ही महिन्यातून एकदा शॉवरचं तोंड काढून व्हिनेगरमध्ये ठेवतो.

पाचपाखाडी_पहिला_मजला
टब, शॉवर, बादली, काय हवं ते करा. माझं एकच विचारणं आहे, खालच्याचा विचार कोण करणार? आमच्या वरच्यांनी दोन वर्षांपूर्वी बाथरूम केलं. कंत्राटदाराने फरशी फोडताना खालचा कोबाही (पाणी अडवणारा काँक्रीटचा थर) उडवला आणि वॉटरप्रूफिंग म्हणून ब्रशने काहीतरी फासलं. पहिल्या पावसाआधीच माझ्या बाथरूमच्या छताला ओल. आता पोपडे पडतात, गज दिसायला लागलेत. आंघोळ करताना डोक्यावर सिमेंट पडतं माझ्या! वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. अहो, पाणी वर जाणार का?

ऐरोली_चौथा_मजला
हे नेहमीचं. खाली ओल दिसली की वरचा गुन्हेगार. आम्हाला खालच्यांनी आठ महिने छळलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलले. मी नवीन टाइल्स फोडून दाखवल्या. शेवटी निघालं काय, तर बाहेरची ड्रेनेजची उभी पाइप तडकलेली. माझ्या टाइल्सचे पैसे कोणी दिले नाहीत. साधं ‘चुकलं’ही म्हणाले नाहीत.

पाचपाखाडी_पहिला_मजला
तुमच्याकडे पाइप निघाली म्हणून माझ्याकडेही पाइपच असेल का? माझी ओल बरोब्बर त्यांच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या जाळीच्या, खाली आहे. तुमच्यासारख्यांमुळेच वरचे लोक हात झटकतात.

ऐरोली_चौथा_मजला
‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोण? मी टाइल्स फोडल्या, हात झटकले नाहीत. नीट वाचा आधी.

सिव्हिलवाला
दोघेही थांबा. तीस वर्षं हेच काम केलंय.

सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीची, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची सभासदाची. म्हणून आधी कुठून येतंय ते ठरवा. वरच्या बाथरूमच्या ट्रॅपमध्ये खायचा रंग घालून पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी बाथरूमची जमीन दुसऱ्या रंगाच्या पाण्याने भरून ठेवा. संडासात वेगळा रंग. खाली जो उतरेल तो खरं सांगेल. उतरायला दोन-तीन दिवसही लागतात, तासाभरात निकाल मागू नका.

नवीन काम करणाऱ्यांनी कोबा उडवला असेल तर वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावण्याआधी, बाथरूम पाण्याने भरून निदान ४८ तास ठेवा आणि खालच्यांच्या घरी जाऊन छत बघा. कंत्राटदार घाई करेल, ऐकू नका. शॉवरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग डोक्याच्या वरपर्यंत हवं, फूटभर नाही. डायव्हर्टर (पाणी नळाला की शॉवरला ते बदलणारा व्हॉल्व्ह) भिंतीत गेला की गेला, म्हणून टाइलआधी पाइपला प्रेशर देऊन बघा.

टबाबद्दल. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, त्यात माणूस आणि टब. तीनशेच्या आसपास वजन एका चौरस मीटरवर येतं. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात घरातल्या बाथरूमच्या स्लॅबला चौरस मीटरला २०० किलोच्या हिशोबाने भार धरतात. स्लॅब पूर्ण मोठा असतो, भार पसरतो, त्यामुळे चांगल्या इमारतीत लगेच काही होत नाही. पण गंजलेल्या गजांच्या जुन्या इमारतीत मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टब बसवू देणार नाही. आणि टबला विटांचं कडं बांधलं तर खालच्या आउटलेटला हात पोचेल अशी खिडकी ठेवा. नाहीतर गळती लागली की सगळं फोडावं लागतं. नेरूळकर, तुमच्याकडे ती होती का?

नेरूळकर
नव्हती. फोडल्यावर टबाखाली काळं पाणी साचलेलं निघालं. खालच्या काकूंचं छत दोन वर्षं ओलं होतं आणि आम्ही त्यांना ‘पावसाचं असेल’ म्हणत होतो. छताची दुरुस्ती मी करून दिली, पण आधीच ऐकायला हवं होतं.

पाचपाखाडी_पहिला_मजला
हे कबूल करणारे तुम्ही पहिलेच वरचे भेटलात मला.

घोडबंदरकर
इमारत नवीन आहे, स्लॅबची भीती नाही. पण गिझरचं गणित मी केलं नव्हतं. २५ लिटरचा घेतला तरी एका दमात टब भरत नाही, हे मान्य. विक्रीच्या भावाचंही सोडून देतो, एजंटला विचारलं तर तो म्हणाला टबाचे वेगळे पैसे कोणी देत नाही. बायकोच्या पाठीचं मात्र सोडणार नाही. सध्या भिंतीला धरायला दांडी, खरखरीत टाइल, बसायला पक्का ओटा आणि हातात धरायचा शॉवर, एवढं करतोय. गरम पाण्याची धार पाठीवर घेऊन सहा महिने बघू. उपयोग नाही झाला तर टब बसवणार, मग कोणी काहीही म्हणा.

खारघरवाली
आणि खाली नळ?

घोडबंदरकर
हो ताई. नळही.

कळव्यात_शहापूरचा
मुलाच्या शॉवरचं काय ठरलं?

घोडबंदरकर
कमी पाण्याचा लावतोय, मिनिटाला सात-आठ लिटरचा. आणि पंधरा मिनिटांची आंघोळ बंद. तो चिडलाय, चिडू दे.

पाचपाखाडी_पहिला_मजला
सिव्हिलवाले साहेब, वरचे दार उघडून रंग टाकू देणार नसतील तर?

सिव्हिलवाला
सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, छताचे फोटो तारखेसकट जोडा. कमिटीचा एक माणूस बरोबर असल्याशिवाय वर जाऊ नका. आणि गज उघडे पडलेत म्हणता, तर आंघोळीची बादली आजच दुसऱ्या बाथरूममध्ये हलवा.

पाचपाखाडी_पहिला_मजला
दुसरं बाथरूम नाही. वन बीएचके आहे.

ऐरोली_चौथा_मजला
मग अर्ज उद्याच द्या. आमच्या वेळचा मसुदा आहे माझ्याकडे, मेसेज करतो.