उंदराचं 'सामाजिक वर्तन'?

अर्धविराम: ऑटिझमच्या प्राणी-प्रारूपांवर, म्हणजे ऑटिझमच्या अभ्यासासाठी वापरतात त्या उंदरांसारख्या प्राण्यांवर, लैंगिक संप्रेरकांचा (सेक्स हॉर्मोन्सचा) काय परिणाम होतो, अशा एका निबंधाचा गोषवारा मराठीत करतेय. 'सोशल बिहेव्हिअर'पाशी अडलेय. 'सामाजिक वर्तन' लिहिलं की उंदीर समाजसेवेला निघाल्यासारखा वाटतो. चाचणी साधी आहे. तीन कप्प्यांची पेटी, उंदीर मधे. एका बाजूला जाळीच्या पिंजऱ्यात अनोळखी उंदीर, दुसरीकडे तसाच रिकामा पिंजरा. हा कुठे जास्त वेळ घुटमळतो ते मोजायचं.

वेलांटी: 'सलगी'?

जुनाखोड: सलगी ओळखीच्यांशी. अनोळख्याशी 'लगट'. अशा प्रयोगांतले बीटीबीआर जातीचे उंदीर लगट करत नाहीत, म्हणजे माणूसघाणे.

वेलांटी: उंदीरघाणे म्हणा :)

अर्धविराम: 'लगट'ला आगाऊपणाचा वास येतो हो.

जुनाखोड: मला तर 'लैंगिक संप्रेरक'च खटकतं. वाचकाचं मन भलतीकडे जातं. 'नरसंप्रेरक', 'मादीसंप्रेरक' सुटसुटीत.

टोकदार: सुटसुटीत आणि चूक. नर पिल्लाच्या मेंदूत ॲरोमॅटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिऑल करतं, आणि उंदराच्या मेंदूला नराचं वळण लागतं ते मुख्यतः या इस्ट्रॅडिऑलमुळे. म्हणजे तुमचं 'मादीसंप्रेरक'च नर घडवतं! मादी पिल्लं बचावतात, कारण रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन इस्ट्रॅडिऑलला धरून ठेवतं.

जुनाखोड: बरं, हरलो. पण 'संप्रेरक' चपखल आहे हे तरी माना. 1905मध्ये स्टार्लिंगने 'हॉर्मोन' वापरला तो चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून.

पिंपळपान: 'ऑटिझम' लिहिलंत, छान केलंत. 'स्वमग्नता' नको. माझ्या मुलाला कुणी स्वमग्न म्हटलं की चिडचिड होते. काल बेल वाजल्यावर तीनदा येऊन 'कोण आलं' विचारून गेला. मग्न कुठला!

जुनाखोड: ताई, भावना कळते. पण मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलरने शब्द घडवला तोच ग्रीक 'ऑटोस'वरून, म्हणजे 'स्व'. भाषांतर इमानदार आहे.

पिंपळपान: ब्लॉयलरने तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी घडवला. मुलांचं वर्णन करताना डॉक्टर कॅनरने उचलला तो 1943मध्ये. उसन्या शब्दाशी इमान कशाला?

टोकदार: आणि उंदराला ऑटिझम असतो असं कुणीच म्हणत नाही. गाभण मादीला व्हॅल्प्रोइक आम्ल हे अपस्माराचं औषध दिलं की पिल्लांत तसली लक्षणं दिसतात, पुष्कळ प्रयोगांत नरांत जास्त ठळक. म्हणून तर संप्रेरकांवर संशय. 'ऑटिझमसदृश' लिहा.

अर्धविराम: लिहिते. आणि रॅटला काय म्हणू? निबंधात माऊस आणि रॅट दोन्ही आहेत.

जुनाखोड: घूस.

वेलांटी: अहो, घूस म्हणजे बॅन्डिकूट! 'मोठा उंदीर' म्हणा.

टोकदार: मग 'मोठ्या उंदराचं लहान नर पिल्लू' असं लिहायचं का?

अर्धविराम: रॅटच ठेवते. सोशल बिहेव्हिअरला तूर्त 'जवळीक' लिहून पुढे गेलेय.

जुनाखोड: जवळीक? त्यापेक्षा लगट बरी.