काळा पाइन: जुन्या लाकडात छाटू नका
एकाने विचारलंय, कुरोमात्सुची (जपानी काळा पाइन) लांबलेली फांदी बिनसुयांच्या (सुईसारखी पानं नसलेल्या) जुन्या लाकडापर्यंत मागे घ्यावी का. अजिबात नको! तिथून नवा फुटवा सहसा येत नाही, फांदी वाळते.

जपानमध्ये आकार राखतात तो वसंतातल्या मिदोरित्सुमीने, म्हणजे कोवळे कोंब खुडून. टोकाला कोवळ्या कोंबांचा झुबका येतो. त्यातला मधला जाड कोंब बुडातून काढायचा, बाजूचे दोन ठेवून तेही बोटांनी अर्धे मोडायचे. कात्रीने सुया कापल्या गेल्या तर टोकं तपकिरी पडतात. शेंड्याकडे जास्त खुडा, खाली हात राखा. नाहीतर सगळा जोर वर जाऊन खालच्या फांद्या विरळ होतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात मोमिआगे: गेल्या वर्षीच्या सुया हाताने ओढून काढायच्या, म्हणजे आतल्या बारीक काड्यांना ऊन मिळतं.