दुसरी (मराठी माध्यम): शाळा गृहपाठ देत नाही, मग घरी नेमकं काय घ्यायचं?

दुसरीची_आई:
मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. बाई लेखी गृहपाठ देत नाहीत, 'घरी गप्पा मारा, वाचून घ्या' एवढंच सांगतात. शेजारच्या मुलाला रोज चार पानं असतात, त्यामुळे आपलं काही राहून तर जात नाही ना असं वाटतं. तिच्या अडचणी अशा: 'सत्तेचाळीस' सांगितलं की ७४ लिहिते, 'एकोणपन्नास'ला ५९. आणि ५३ − २८ = ३५. वाचते बरी, पण अडखळत. रोज अर्धा तास देता येईल.

खडू_फळा:
बाई नियमाला धरूनच वागताहेत. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही. संध्याकाळ कशी घालवली, काय खेळलो, काय खाल्लं हे मुलांनी वर्गात येऊन सांगायचं, असं तिथे सुचवलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला! चार पानांचा हिशोब शेजाऱ्यांकडेच राहू द्या.

दशक_सुटे:
४७ चं ७४ होणं हा मुलीचा दोष नाही, आपल्या संख्यानामांचा आहे. आपण 'सत्ते' आधी बोलतो आणि 'चाळीस' नंतर. ऐकलं तसं लिहिलं की ७४ च होणार. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात २१, २२ चं 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं आणि त्यावरून गदारोळ झाला, ते याच अडचणीमुळे. थट्टा पुष्कळ झाली, पण दुखणं खरं होतं.

घरी जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं कापा. १० ते ९० ही दशकांची नऊ, १० सेंमी रुंद, दोन्ही अंक सारख्या जागेत. १ ते ९ ही त्याच्या निम्म्या रुंदीची. 'सत्तेचाळीस' म्हटलं की आधी विचारा, "कितीच्या घरातली?" तिने ४० उचलायचं, मग त्यातल्या शून्यावर ७ ठेवायचा. ४७ दिसतं, आणि सात सरकवला की खाली चाळीस शाबूत असतं. लिहिताना हाच क्रम ठेवायचा: घर आधी, सुटे नंतर. रोज पाच-सहा संख्या पुरे.

'एकोण'चं दुखणं वेगळं. 'पन्नास' कानावर पडलं की ५ लिहून होतो. एकोण म्हणजे एक उणे, म्हणून ५० चं कार्ड समोर ठेवून एक पाऊल मागे यायला सांगा. १९ पासून ८९ पर्यंत हीच रीत, ९९ ला मात्र नव्व्याण्णव.

आता ३५. हे उत्तर दोन वेगळ्या चुकांनी येतं. एक, लहानातून मोठा जात नाही म्हणून उलटं केलं: ८ − ३ = ५, ५ − २ = ३. दोन, १३ − ८ = ५ बरोबर केलं, पण दशक एकने कमी करायचा राहिला. नुसतं उत्तर बघून ओळखता येणार नाही. तिला ५२ − २८ द्या. ३६ आलं तर पहिली चूक, ३४ आलं तर दुसरी.

दुसरीची_आई:
३४ आलं.

दशक_सुटे:
म्हणजे दशक सुटा करायचा हे तिला कळलंय, फक्त घेतल्याची नोंद होत नाही. आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे हीर घ्या, साधारण शंभर. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवा. ते तिनेच मोजून बांधायचे, नाहीतर एखाद्यात नऊ निघतात आणि सगळा खेळ फसतो. ५३ म्हणजे ५ गठ्ठे, ३ सुट्या. आठ मागितल्या की एक रबर काढावंच लागतं. रबर निघालं त्याच क्षणी वहीत ५ वर काट मारून ४, आणि ३ च्या वर १३. काड्या आणि पेन्सिल सोबत चालल्या पाहिजेत. आधी सगळ्या काड्या आणि मग लेखन असं केलं की नोंद पुन्हा राहते. २५ उरल्या की मोजून बघू दे.

दहाच्या नोटा आणि एकाची नाणी नंतर घ्या. नोट उघडून आतले दहा दिसत नाहीत, काडीच्या गठ्ठ्यात दिसतात. आणि घरात आजी-आजोबा शिकवत असतील तर विचारून घ्या: काहींच्या रीतीत वरच्या ३ चे १३ करतात आणि खालच्या २ चे ३. उत्तर २५ च येतं, पण दोन्ही रीती एकदम आल्या की पोर दोन्हीकडे काटाकाट करतं.

वेलांटी:
वाचनाबद्दल. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, समजून, हे लक्ष्य आहे. पण मोजायचं ते पाठ्यपुस्तकावर नको. तो धडा तिला पाठ असतो, डोळे चित्रावर आणि तोंड चालू! साठेक शब्दांचा नवा उतारा घ्या, पंधरवड्यातून एकदा मोजा. मराठीत 'घराजवळच्या' एवढा लांबही एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे आकडा थोडा कमी आला तर घाबरू नका.

रोज दहा मिनिटं ऐका. अडली की मनात तीन मोजून मगच शब्द सांगा. लगेच सांगितलं की ती तुमच्या तोंडाकडे बघायला लागते. कुठे अडते ते लिहून ठेवा. दुसरीत बहुतेक वेळा गाठ 'र'ची असते: प्रकाश, सूर्य, ट्रक, वाऱ्यावर. एकच र, चार रूपं. या शब्दांच्या चिठ्ठ्या करून रोज दोन घ्या.

खडू_फळा:
आणि 'चुकलेला शब्द दहादा लिही' नको. मुलं आधी एकाखाली एक दहा वेळा 'प्र' लिहितात, मग दहा वेळा 'का', मग दहा वेळा 'श'. पान भरतं, 'प्रकाश' एकदाही लिहून होत नाही.