उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांना कसं सांभाळता? अनुभव लिहा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणं नवीन नाही. घरात एक लॅब्रेडॉर आणि दोन मांजरी. दरवर्षी सगळीकडून एकच सल्ला मिळतो : भरपूर पाणी ठेवा, सावलीत ठेवा. तो बरोबर आहे, पण तेवढ्यानं भागत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गाद्यांत, आणि तेवढ्यानं काही अंग गार होत नाही. त्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर. ओल्या जिभेवरून हवा जाते, पाण्याची वाफ होते, उष्णता बाहेर पडते. हवाच दमट असेल तर वाफ होत नाही, आणि मग ३४ डिग्रीतही जनावर धोक्यात येतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आकडा बघून निश्चिंत होऊ नका, जनावराकडे बघा.

आमच्याकडे कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवतो. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत नुसती ओल कोंडते, आणि कुत्रा जास्तच धापतो. वळवाची सर येऊन गेली की कूलरचा उपयोग संपला, त्या दिवशी नुसता पंखा आणि ओली फरशी. फिरणं पहाटे आणि रात्री उशिरा. सूर्य मावळला तरी डांबर तापलेलंच असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजायचे. तेवढा वेळ हात ठेवता आला तरच त्याचे पंजे खाली.

आता तुम्ही लिहा. शक्यतो स्वतः केलेलं, पाहिलेलं.

डोंबिवलीहून :
दमट हवेचं अगदी पटलं. आमच्याकडे पग आहे. चपटं नाक, आतला श्वासमार्ग अरुंद. गेल्या मेमध्ये संध्याकाळी लाईट गेली, वारा पडलेला. तो नेहमी धापतो तसाच धापत होता, पण जिभेचं टोक चमच्यासारखं रुंद झालं होतं आणि रंग गडद लाल. लाळ पातळ गळायची ती दोरीसारखी चिकट झाली. हाक मारली तर नुसतं बघितलं, उठला नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आधी गार करा, मग निघा. बाथरूमच्या फरशीवर आडवा केला, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओतत राहिलो, आणि मुलगी पुठ्ठ्यानं सतत वारा घालत होती. रिक्षातही ओलाच ठेवला. दवाखान्यात पोचेपर्यंत १०४ होतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं, म्हणजे घरी किती असेल याचा विचार आजही नको वाटतो.
ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं. थोड्या वेळात तो गरम होतो आणि उष्णता आतच कोंडते. टॉवेल अंगाखाली, वर फक्त पाणी आणि वारा.

परभणीहून (पशुवैद्यकाचं शिक्षण घेते आहे) :
डोंबिवलीकरांनी केलं ते बरोबर केलं. त्यात एवढंच जोडते : १०३ आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग नको तितकं गार होतं. आणि कुत्रा उठून शेपूट हलवायला लागला तरी दवाखान्यात न्याच. मूत्रपिंडं, आतडी, रक्त गोठण्याची क्रिया यांवरचा परिणाम कधीकधी दुसऱ्या दिवशी दिसतो.
अंग तापलंय म्हणून तापाची गोळी देऊ नका. हा उष्माघात आहे, गोळीनं उतरत नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरते. लोक प्रेमानं देतात, म्हणून कळकळीनं लिहिते.
जर्मन शेफर्ड, हस्की यांचा गोटा करू नका. त्यांच्या आतल्या-बाहेरच्या केसांमध्ये हवेचा थर असतो, तो ऊन अडवतो. रोज विंचरून आतले गळके केस काढले की पुरे.

परळहून :
सगळे कुत्र्यांबद्दल लिहिताहेत, मी बोक्याबद्दल लिहिते. मांजर मुळात पाणी कमी पितं. त्यात उन्हाळा आणि रोजचं खाणं नुसतं कोरडं. आमचा बोका मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, जोर लावायचा, थेंबभर व्हायचं आणि परत दोन मिनिटांनी आत. सासूबाईंना वाटलं पोट साफ होत नाही. मी पोटाला हात लावला तर लिंबाएवढं कडक काहीतरी लागलं आणि तो कळवळून ओरडला. तसाच उचलून बैलघोडा हॉस्पिटलला नेला. लघवी तुंबली होती, नळी घालून मोकळी केली. यात एक-दोन दिवसांतसुद्धा जीव जातो. बोका ट्रेमध्ये फेऱ्या मारताना दिसला तर सकाळची वाट बघू नका.
आता एका वेळचं खाणं ओलंच असतं. चिकन उकडलेलं पाणीही देते, मात्र मीठ, कांदा, लसूण न घालता. पाण्याच्या वाट्या घरभर, पण जेवणाच्या ताटलीपासून लांब. तिथलं पाणी तो जास्त पितो. आणि मांजर तोंड उघडून धापत असेल तर ते कधीच साधं समजू नका.

पुण्याहून :
आंब्याची कोय! कुत्र्यानं गिळली की आतड्यात अडकते, ऑपरेशनशिवाय निघत नाही. बादलीला झाकण लावा. आणि उकडतंय म्हणून खिडक्या सताड उघडता तेव्हा जाळी बसवून घ्या, मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात.

विट्याहून :
आमची गावठी कुत्री वस्तीवर असते. ती स्वतःच केळीच्या बुडाशी ओल्या मातीत खड्डा करून पडते, तिला शिकवायला लागत नाही. आमच्याकडचा खरा त्रास गोचिडाचा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात रोज बघावं लागतं. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर ‘उन्हानं मलूल झालंय’ म्हणून सोडू नका. गोचीडताप असू शकतो, रक्त तपासून घ्या.
जनावरांच्या गोठ्यात मारायचं गोचिडाचं औषध कुत्र्यामांजरांच्या अंगाला लावू नका. शेजारच्या मांजरीला असंच लावलं होतं. तासाभरात थरथरायला लागली, रात्रीत गेली. आम्ही आता गोठ्यात फवारा मारला की फरशी वाळेपर्यंत मांजर घरात कोंडून ठेवतो.

सोलापूरहून :
रस्त्यावरच्यांचंही लिहा ना. आम्ही सिमेंटच्या जड कुंड्या ठेवतो, त्या कलंडत नाहीत. जागा मात्र कुत्री दुपारी झोपतात तिथलीच निवडायची. सोसायटीच्या फाटकाजवळ ठेवलेली कुंडी उन्हात तापते, तिथे कोणी फिरकत नाही. पाणी रोज बदलायचं आणि कुंडी काथ्यानं घासायची, कारण डासांची अंडी कडेला चिकटून राहतात. डासांवरूनच लोक तक्रार करतात, आणि घासलेली कुंडी दाखवली की तक्रार मिटते. दुपारी गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. सावलीला आलेलं कुत्रं हमखास असतं.

दोहाहून :
इथे उन्हाळ्यात रात्रीही फरशी तापलेली आणि हवा दमट, त्यामुळे फिरणं पाच-दहा मिनिटांत आटपतो, खेळ सगळे घरात. टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवून शोधायला लावलं की कुत्रा छान दमतो.
एक विचारायचं आहे. जूनमध्ये सुट्टीला नांदेडला येतोय, कुत्रा सोबत. तिथे लाईट जाते तेव्हा काय करता?

अकोल्याहून (धागा मीच काढलाय) :
बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरला ठेवा. लाईट गेली की फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी, त्याला नको असेल तर उठून जाता यावं अशा ठेवा. ओलं गोणपाट खाली अंथरा, खोली तळमजल्याची निवडा, गच्चीखालची नको. चार्जिंगचा छोटा पंखा आणाच. पिण्याचं पाणी माठातलं. आणि प्रवासात चहासाठी थांबलात तर एक जण त्याच्याजवळ, गाडीच्या बाहेर, सावलीत. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा डिग्रीनं चढतं, काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही. नांदेडच्या डॉक्टरांचा नंबर निघण्याआधीच घेऊन ठेवा, रात्री फोन उचलतात का तेही विचारा.