अनुभव धागा : गटातील अवांतर संदेश आणि त्यांखाली दबलेले निरोप

गोदाकाठ : काल गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना वाचली आणि ४ ऑगस्ट २०१९ चा रविवार पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. आमचे दुकान नाशिकच्या भांडीबाजारात आहे. गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा, ही वडिलांच्या काळापासूनची रीत आहे आणि ती खबर वेळेवर मिळावी म्हणूनच आम्ही शेजारच्या दुकानदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला होता. त्या दिवशी नेमका मैत्रीदिन होता. ‘पाणी झपाट्याने चढते आहे, दुकाने गाठा’ असे एका शेजाऱ्याने लिहिले होते. पण त्याच्या वर आणि खाली फुलांची, गुंफलेल्या हातांची इतकी चित्रे होती की सगळ्या शुभेच्छाच असतील असे समजून मी फोन बाजूला ठेवला. पूर ओसरल्यावर आत गेलो, तेव्हा पितळी समया आणि ताम्हने गाळात रुतलेली होती. शुभेच्छा पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही, कारण त्यांतलेच दोघे माझ्यासोबत गाळ उपसत होते. मात्र कामाच्या गटात अवांतर लिहिताना त्याखाली कोणाचा निरोप दबतो आहे, हे पाहायला हवे असे मला मनापासून वाटते. तुमचेही अनुभव लिहावेत.

बागाईतदार, दिंडोरी : ऑक्टोबर छाटणीनंतरचा पस्तिसावा दिवस, द्राक्षबाग फुलोऱ्यात आणि रात्रभर पाऊस. पानावर तेलकट डाग, खालच्या बाजूला पांढरी बुरशी. सकाळी सातला फोटो टाकून कोणती फवारणी घ्यावी असे विचारले. तोवर गटात निवडणुकीवरून वाद पेटला होता, त्यामुळे उत्तर रात्री मिळाले आणि डाऊनी (केवडा) हा बुरशीचा रोग घडांवर उतरला होता. पुढे संतापून आम्ही फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय लावली, पण त्यामुळे विचारणारेच गप्प झाले, म्हणून ती महिन्याभरात काढली. आता फोटोसोबत गाव, वाण आणि छाटणीची तारीख लिहायची असा नियम आहे आणि बाकीच्या गप्पांसाठी दुसरा गट आहे. त्या गटातही मी रोज जातो, कारण माणसांना बोलायला जागा लागतेच.

सोसायटी सचिव, इंदिरानगर : माझी चूक सांगतो. पाण्याच्या टँकरची चर्चा चालू असताना एका काकांनी नातवाच्या मुंजीचे फोटो टाकले आणि मी सर्वांसमक्ष ‘हा गट यासाठी नाही’ असे लिहिले. काका त्याच मिनिटाला गटातून बाहेर पडले. टाकीचा जुना व्हॉल्व्ह कुठे आहे हे इमारतीत त्यांनाच ठाऊक होते, पण त्यासाठी नव्हे, तर जिन्यात भेटल्यावर त्यांनी मान खाली घातली म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून असे काही सांगायचे असेल, तर मी त्या व्यक्तीला स्वतंत्र निरोप पाठवतो किंवा फोन करतो.

वाचनप्रेमी : कुकर लावून घाईने लिहिते आहे. आमच्या वाचकांच्या गटात ओळीच्या सुरुवातीला ‘अवांतर’ असा शब्द लिहून दोन ओळींत बोलणे संपवायचे, आणि लांबले तर नवा विषय उघडायचा, अशी पद्धत आहे. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाविषयी चर्चा चालू असताना एका ताईंनी ‘अवांतर : जुन्या पुस्तकांची शिवण उसवली तर घरी काय करावे?’ असे विचारले. त्या दोन ओळींतून निघालेला विषय आठवडाभर चालला आणि मी आजीची पोथी त्यातूनच शिकून शिवली.

बागाईतदार, दिंडोरी : ताई, पोथी शिवायला दोरा कोणता वापरलात? आमच्याकडेही एक आहे.

वाचनप्रेमी : मेण लावलेला सुती दोरा. इथे विषय भरकटायला नको, सविस्तर तुम्हाला वेगळे लिहिते.

सोसायटी सचिव, इंदिरानगर : गोदाकाठ, दुकानदारांच्या गटाचे पुढे काय केलेत?

गोदाकाठ : पावसाळ्यापुरता दुसरा गट केला आहे. त्यात ठिकाण, वेळ आणि पाण्याची पातळी, एवढेच लिहायचे ठरले आहे आणि सर्वांनी ते पाळले आहे. काल रात्री साडेनऊला पहिला संदेश आला : ‘रामकुंड, पायऱ्यांवर पाणी, अर्ध्या तासापासून स्थिर.’ तो वाचूनही आम्ही खालची फळी रिकामी केली.